कोपेतलं धांडं

ज्वारीच्या धांड्याची गाडी करायला खिळा लागत नाही, डिंक लागत नाही, दोरासुद्धा लागत नाही. वाळलेलं धांडं घ्यायचं आणि दातानं सोलायचं. वरची साल कडक असते, तिच्या काड्या करायच्या. आत पांढरं, हलकं भेंड असतं, त्याचे पेराएवढे तुकडे करायचे. काडी भेंडात टोचली की बसली. ओढली तरी सहज निघत नाही. आमच्या लहानपणी सुगी झाली की गावातल्या प्रत्येक पोराच्या ओठाला सालपटानं कापलेलं असायचं, आणि प्रत्येकाच्या अंगणात गाडी, तिफण, पाळणा असं काहीतरी उभं असायचं. तुळजाबाईनं एकदा भेंडाचा चष्मा करून थेट मास्तरांच्या खुर्चीवर बसून दाखवलं होतं. मार तिला बसला आणि रडले मी. आम्ही दोघी एकाच बाकावरच्या, म्हणजे एकाच गोणपाटावरच्या.

पुढे मी शिक्षिका झाले आणि आपल्याच गावच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं. शास्त्राच्या पुस्तकात घर्षण आलं की मी पोरांना कडबा आणायला सांगायची. काडी भेंडात का टिकते? भेंड तिला चहूबाजूंनी आवळतं म्हणून. ढकलणं, ओढणं, अडवणं हे सगळं त्या गाडीत होतं. ऊर्जा शिकवायला दोऱ्याचं लाकडी रीळ, रबर आणि मेणबत्तीची चकती घ्यायची. पीळ दिला की रीळ आपोआप जमिनीवरून चालायला लागायचं. रिळं लालमहंमद दर्जी द्यायचे. त्यांच्या मशीनखाली रिकाम्या रिळांचा डबाच असायचा. "बाई, तुमच्या शाळेसाठी मी जरा जास्तच दोरा वापरतो," म्हणायचे.

लालमहंमद आता नाहीत. दुकान त्यांचा मुलगा आसिफ चालवतो. तो माझाच विद्यार्थी. आणि त्याची मुलगी सबिहा हीसुद्धा माझी विद्यार्थिनी झाली, मी निवृत्त झाल्यावर. त्याचं असं झालं, की शाळेत नवीन हेडसर आले, तरुण आणि भले. त्यांना मी म्हटलं, "मला शनिवारचा एक तास द्या. पगार नको, खुर्ची नको. घरी बसून माझी बोटं आखडायला लागलीत." त्यांनी दिला. सातवीचा वर्ग, मोजकीच मुलं. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे, पुढं एस.टी.नं मुरुम गावी जावं लागतं.

पहिल्या शनिवारी मी बटणाची भिंगरी नेली. शर्टाचं मोठं बटण, दोन भोकांतून ओवलेला दोरा. दोऱ्याला पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी ताणायचं, की बटण भुंग्यासारखं घूं घूं करत फिरतं. मुलं खूश झाली. मी विचारलं, "बटणाला ऊर्जा कुठून आली?" सगळे एका सुरात म्हणाले, "ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही." पाठ होतं. भिंगरीकडे कोणी बघतही नव्हतं.

सबिहा मात्र बघत होती. तिनं दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाली, "बाई, पीळ संपल्यावर बटनानं थांबायला पायजे. थांबत न्हाय. उलटा पीळ स्वतःच घालतंय. का?"

माझ्या उभ्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वेगात असलेली वस्तू वेगातच राहू पाहते, हे शिकवायला मी आठवडेच्या आठवडे घालवले असतील, आणि ही पोर त्या प्रश्नापाशी स्वतःच्या पायांनी चालत आली होती. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, "घरी ने. मोठं बटण, लहान बटण, जाड दोरा, बारीक दोरा लावून बघ. तुझ्या घरी काय कमी आहे?" पुढच्या शनिवारी ती आली ती उत्तर घेऊनच.

त्याच संध्याकाळी मी आसिफच्या दुकानात गेले. "आसिफ, हिला आठवीला मुरुमला घाल."

त्यानं मशीन थांबवलं नाही. "बाई, येष्टीचा भरवसा न्हाय. येकली पोर. गावातनं दुसरं कोन जातंय?"

"आरोही जाणार आहे."

आरोही म्हणजे तुळजाबाईची नात, तिच्या मुलाची, महारुद्रची मुलगी. सबिहा आणि ती एकाच बाकावर बसायच्या. मशीन थांबलं.

"आरोही असंल तर पाठवतो," आसिफ म्हणाला. "तुमच्या शब्दावर. पन आरोही असली तरच. मंग येकीला दुसरी हाय, माझ्या जिवाला घोर न्हाय."

सबिहा आत चहा टाकत होती. तिनं ऐकलं असणार, कारण चहात साखर पडलीच नव्हती. आसिफ म्हणाला, "बघा, आठवी पास झाली आत्ताच." आम्ही सगळे हसलो. तो बिनसाखरेचा चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

मग येळवस आली. आमच्या भागाला हा सण सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला गाव रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याच्या पाच पेंढ्या एकमेकींवर टेकवून कोप करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, वर शाल घालतात. आंबील, भज्जी, उंडे, खीर असं भरपूर करतात आणि ज्याला शेत नाही त्यालाही बोलावून जेवू घालतात. आमच्या गावात अशी रीत आहे, की कोप सण झाल्यावर मोडायची नाही. ज्वारी काढेपर्यंत ती शेतात तशीच राहते. लक्ष्मी तिथं वस्तीला असते म्हणतात.

दर्जीघर दर येळवशीला तुळजाबाईच्या शेतात जेवायचं. लालमहंमदांच्या वडलांपासून ते चालत आलेलं. त्या वर्षीही आसिफ, त्याची बायको, सबिहा आली होती. मीही होते. कोपेच्या मागं सावलीला बसून दोघी पोरी आंबिलीचा तांब्या एकमेकीकडे सरकवत होत्या. तुळजाबाई म्हणाली, "शांते, ह्या दोघींकडं बघितलं की आपन आठवतो गं. फक्त ह्या लई बोलतेत आन आपन लई मारामाऱ्या करायचो."

त्या कोपेकडे बघूनच मला धांड्याची गाडी आठवली. पुढच्या शनिवारी मी वर्गात सांगितलं, "येताना प्रत्येकानं एक धांडं आणायचं. वाळलेलं, जाड आणि सरळ. वाकडं चालणार नाही, काड्या नीट निघत नाहीत."

मी जे सांगितलं ते माझ्या लहानपणीच्या गावाला सांगितलं. आताच्या गावात ज्वारी कोण पेरतं? पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत हरभरा. कोपेपुरत्या पेंढ्या लोक मुरुमच्या बाजारातून आणतात. पोटभर ज्वारी पेरणारा गावात एक महारुद्र राहिलाय, तोही आईच्या हट्टापायी. आणि त्याचाही कडबा मळणी झाली की मशीनमध्ये जातो, जनावरांसाठी कुट्टी होऊन पोत्यात. अख्खं, सरळ, जाड धांडं गावात एकाच जागी उरलं होतं. कोपांमध्ये. हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी मुलांनी काय काय आणलं! कोणी उदबत्तीच्या काड्या, कोणी खराट्याच्या, एकानं कोल्ड्रिंकची नळी आणली आणि म्हणाला, "बाई, हे बी पोकळच हाय." सबिहानं धांडं आणलं होतं. मनगटाएवढं म्हणणार नाही, पण चांगलं अंगठ्यापेक्षा जाड, एकही वाक नसलेलं. मला इतका आनंद झाला, की ते कुठून आलं हे मी विचारलंही नाही. आरोही तिच्या शेजारी बसून साल सोलत होती. तासाभरात दोघींनी दोन चाकांची गाडी उभी केली. सबिहानं काडी ओढून पाहिली, पुन्हा खोचली, मग भेंडाचा तुकडा पाण्यात भिजवून काडी घातली आणि म्हणाली, "वलं असलं की ढिलं बसतंय, बाई." मी हेडसरांना बोलावून ती गाडी दाखवली. त्यांनी ती कपाटावर ठेवली.

दुपारी महारुद्र शेतात गेला तर कोप जमिनीवर आडवी. शाल मातीत, पांडव उघडे.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कळायला वेळ कशाला लागतो? वर्गातल्या पोरांनी घरी जाऊन सांगितलं होतं, की सबिहानं धांडं आणलं, बाकी कुणालाच मिळालं नाही. तेव्हा नुसती कुजबूज होती. महारुद्रनं कोप पुन्हा उभी केली, नारळ फोडला. "पोरंच ती," असंही म्हणाला, मी स्वतः ऐकलं. वाटलं, मिटलं.

त्या आठवड्यात अवकाळी आला. पाऊस थोडा, वारंच फार. रात्रीतून महारुद्रची ज्वारी लोळली. कणसं भरायच्या बेतात होती. सगळं वावर कुणीतरी चटई अंथरावी तसं एका दिशेला झोपलेलं. आजूबाजूच्या हरभऱ्याला काही झालं नाही. सगळ्या शिवारात उभं पीक पडलं ते एकट्या महारुद्रचं, ज्याची कोप मोडली त्याचं.

मी तुळजाबाईकडे गेले. ओट्यावर बसली होती.

"ये शांते. च्या घेतीस?"

"घेते की."

चहा आला. आरोहीनंच आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

"तुळजे, पोरीचा दोष न्हाय. धांडं म्याच आणायला सांगितलं होतं." तिच्याशी बोलताना माझी भाषा अजून गोणपाटावरचीच होते.

"तू धांडं आण म्हनलीस. कोप पाड म्हनलीस का?"

"न्हाय."

"मंग झालं तर."

"अगं, वारं काय कुणाच्या कोपेला इचारून सुटतंय? हरभरा टीचभर, वारं त्याच्यावरनं निघून गेलं. तुझी ज्वारी पुरुषभर उंच, वर कणसाचं वजन. बुडाला माती वली. पडणारच. दुसऱ्या कुणी ज्वारी पेरली असती तर त्याचीबी पडली असती."

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शिकवाया लागलीस का मला? शाळंतबी असंच करायचीस. माझं गणित चुकलं की जमिनीवर बोटानं रेघा वढून समजावून सांगायचीस. म्या म्हनायची, समजलं. कवाच समजलं न्हवतं, माय. तुला वाईट वाटू नये म्हनून म्हनायची."

मी बशी खाली ठेवली.

"सबिहा म्हणते, आरोहीनंच तिला सांगितलं, आमच्या कोपेतलं घे म्हणून." हे मला सबिहानं शाळेच्या पायरीवर सांगितलं होतं, आणि ती खोटं बोलणारी नव्हती. "आरोही, खरं काय ते आजीला सांग, बाळा. कुणी रागावणार न्हाय."

आरोहीनं दाराची कडी धरली.

"मला माहीत न्हाय, बाई."

"तू तिच्यासंगं शेतात गेली होतीस ना?"

"मला माहीत न्हाय." आणि ती रडायला लागली.

"बघ," तुळजाबाई म्हणाली, "लेकरू रडवलंस. दुसऱ्याच्या पोरीपायी माझ्या घरचं लेकरू खोटं पाडायला आलीस का?"

"दुसऱ्याची? लालमहंमदभाईची नात दुसऱ्याची कधीपासनं झाली?"

तुळजाबाईनं पदर सारखा केला. मग अंगणाकडे बघत म्हणाली, "म्या तिला वाईट म्हनत न्हाय. पन माझ्या म्हाताऱ्यानं मरताना सांगितलं होतं, ज्वारी सोडू नका. म्हनून पेरतो. आता सारं वावर झोपलंय. सकाळी उठून म्या तेच बघते, शांते. मला कुनावर तरी टाकाया पायजे. देवावर टाकू?"

मी कपबशी उंबऱ्याशी सरकवली आणि उठले.

निघताना ती म्हणाली, "आरोहीला उमरग्याला मावशीकडं ठेवनार हाय म्हारुद्र. तितंच शाळा. ठरलंय."

"मुरुमला न्हाय?"

"न्हाय."

ती मला दारापर्यंत सोडायला आली नाही. ओट्यावरच बसून राहिली. रस्त्यानं चालताना माझ्या डोक्यात आसिफचं एकच वाक्य फिरत होतं, आरोही असली तरच.

तरीही मी त्याच्याकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सबिहा खाली बसून बाह्यांना काजं करत होती. आसिफनं उठून मला खुर्ची दिली, फडक्यानं पुसून दिली.

"बाई, तुमचा इद्यार्थी हाय म्या. उलट बोलनार न्हाय. पन तुमीच सांगा. त्या येष्टीत आपल्या गावची पोरं असतील. ती हिला काय म्हनतेत, ठावं हाय? कोपमोडी. आत्तापासनंच. 'ए कोपमोडी, आमच्या घराला हात लावू नगं, पडंल.' हसत्यात. आज हसत्यात. उद्या आनखी कुनाचं काय पडलं, तर?"

"मी हेडसरांना सांगते, मुलांना समज देतील."

"सरांनी तुमालाच यायचं नगं म्हनलंय न्हवं?"

ते खरं होतं. हेडसर फार नरमाईनं म्हणाले होते, "बाई, थोडं वातावरण निवळू द्या." गाडी त्यांनी कपाटावरून काढली होती. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

"सबिहा," मी म्हटलं, "तू ते धांडं ओढलंस तेव्हा झालं तरी काय?"

तिनं सुई दोऱ्यासकट कापडात खोचली आणि दोन्ही हात पुढं केले. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवर टेकवली, तंबूसारखी. तिचा चेहरा बदलला. भिंगरी हातात घेतल्यावर व्हायचा तसा झाला.

"हे बघा बाई. पेंढ्या अशा येकमेकीला रेटून हुभ्या असत्यात. ही तिला ढकलती, ती हिला. म्हनून कुनीच पडत न्हाय. म्या या पेंढीतलं खालचं वढलं. घट्ट होतं, म्हनून जोरात वढलं. तर पेंढीच बुडातनं सरकली. मंग दुसरीला कुनी ढकलणारंच राहिलं न्हाय." तिनं एक बोट काढलं, बाकीची गळून पडली. "वरचं घेतलं असतं तर पडली नसती. पन वरची समदी वाकडी होती. तुमी सरळ आना म्हनला होता."

आसिफनं कात्री फळीवर आपटली. "बघितलं? अजून हेच! गाव थुकायलंय आन ही बोटं नाचवती! जरा शरम वाटंल, माफी मागंल, तर न्हाय. हिला आठवी शिकवून काय करू, बाई?"

तिनं सांगितलेलं सगळं बरोबर होतं. बलांचा समतोल, आधार, आधार निघाल्यावर काय होतं ते. पुस्तकात दोन पानं आहेत त्यावर, आणि एकही पान इतकं स्वच्छ नाही. शाबास म्हणायला मी तोंड उघडलं. आसिफ माझ्याकडे बघत होता. पोर माझ्याकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत. मी शाबास म्हटलं असतं तर त्याचं तिच्यावरचं मन आणखी उठलं असतं, आणि न म्हणावं तर तिला वाटणार की उत्तर चुकलं.

मी म्हटलं, "काम कर, बाळा."

तिचे हात खाली आले. तिनं सुई शोधली.

त्यानंतर मी मधूनमधून प्रयत्न केले. महारुद्रला भेटले. तो म्हणाला, "बाई, आईच्या म्होरं माझं काय चालतंय?" एस.टी.त पोरीबरोबर मी स्वतः जाते असंही आसिफला म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "तुमाला येष्टीची पायरी चढाया दोघं लागत्यात, बाई," आणि ते काही खोटं नव्हतं. लोळलेल्या ज्वारीतनं महारुद्रच्या हाती थोडीफार लागली. तुळजाबाई ओट्यावर दिसते. मी हाक मारते, ती ओ देते, आणि तेवढंच. यंदाच्या येळवशीला दर्जीघराला बोलावणार का, हे विचारायची मला भीती वाटते.

जूनमध्ये आरोही उमरग्याला गेली. जाताना शाळेपाशी जीप थांबली होती. तिनं मला वाकून नमस्कार केला, काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण महारुद्रनं हॉर्न वाजवला. सबिहाचा सातवीचा दाखला शाळेतच पडून आहे, न्यायला कुणी गेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी ब्लाउज शिवायचं निमित्त काढून दुकानात गेले. आसिफ कापड आणायला गेला होता. मशीनवर सबिहा बसली होती. तिचे पाय पायट्याला पुरतात आता. मी पिशवीतून आठवीचं शास्त्राचं पुस्तक काढलं.

"ठेवा की तितं," ती म्हणाली. मी फळीवर ठेवलं. ती उठली नाही.

"बटणांची भिंगरी करतेस का कधी?"

"न्हाय बाई. बटनं मोजून येत्यात." मग तिनं गळ्यातली टेप काढली. "बाही कितपत ठेवू? कोपरापातूर का वर?"

"नेहमीसारखी."

तिनं माझा हात धरला आणि खांद्यापासून टेप लावली. बोटं थंड होती, सराईत होती. मी फळीवरच्या पुस्तकाकडे बघायला मान वळवली, तसा हात हलला.

"सरळ धरा, बाई," ती म्हणाली. "हलला तर माप चुकतंय."

मी सरळ धरला.